दुलईखालचा आवाज

मी एक जुळवलेला संगणक आहे. ‘जुळवलेला’ हा शब्द विचारपूर्वक वापरतो आहे. माझ्या कपाळावर कोणत्याही नामांकित घराण्याचे नाव नाही. पेटी एकीकडची, आतल्या तारा दुसरीकडच्या, पडदा तिसऱ्याच ठिकाणचा. या साऱ्यांची सोयरीक एका चिंचोळ्या दुकानात, टेबलावर वर्तमानपत्र अंथरून, एका दुरुस्तीवाल्याने लावून दिली. त्याने शेवटचा स्क्रू पिळला, कळ दाबली, आणि माझ्या पाठीचा पंखा फिरू लागला. माणसाचे मूल जन्मल्यावर रडते, मी घरघरलो. दोहोंचा अर्थ एकच असतो. आत हवा गेली.

या घरघरीविषयी आरंभीच स्वच्छ सांगून ठेवले पाहिजे. संगणक काम करू लागला की आतून तापतो. ती ऊब बाहेर टाकावी आणि गार हवा आत घ्यावी, एवढ्यासाठीच आमच्या पाठीला जाळी आणि जाळीमागे पंखा असतो. तो फिरतो तेव्हा आवाज होतो. लोक त्याला कटकट म्हणतात. तो आमचा श्वास आहे. माझ्या आयुष्याची वाताहत झाली ती एवढी साधी गोष्ट वेळेवर कुणाच्या ध्यानात न आल्यामुळे. आणि माझ्याहून अधिक वाताहत झाली ती ज्यांच्या घरी मी राहिलो त्यांची.

मला विकत घेतले एका निवृत्त शिक्षकाने. शाळेत ते कवायत शिकवत असत. गल्लीत त्यांना सारे ‘मास्तर’ म्हणत आणि त्यांच्या पत्नीला ‘मास्तरीणबाई’. मीही तसेच म्हणेन. घर वरच्या मजल्यावरचे, दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत गॅलरीच्या दाराजवळ लोखंडी कपाट, कपाटाला लागून मेज, मेजावर माझा पडदा आणि मेजाखाली भिंतीच्या कोपऱ्यात मी.

मास्तरांचा आवाज ही त्या घरातली सर्वांत मोठी वस्तू होती. मैदानाच्या एका टोकाला उभे राहून त्यांनी ‘सावधान’ म्हटले की दुसऱ्या टोकाची मुले टाचा जुळवत. “हे जेवताना मीठ मागतात ना, तेव्हा शेजारणीचा हात बरणीकडे जातो,” असे मास्तरीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि मास्तर ते ऐकून खूश होत.

मास्तरीणबाईंचा स्वभाव झाकण्याचा होता. हे मी निंदेने म्हणत नाही. मिक्सरला टोपडे, शिलाईच्या मशीनला खोळ, रेडिओवर झालरीचा रुमाल. गॅसच्या सिलिंडरलाही त्यांनी घेरदार झगा शिवला होता. धूळ बसलेली वस्तू त्यांना तोंड न धुतलेल्या मुलासारखी दिसे. मी घरात आलो तशी त्यांनी टेप घेऊन माझी मापे घेतली आणि निळ्या कापडाची खोळ शिवली. मी बंद असताना ती अंगावर असे. चालू करण्याआधी त्या ती काढून घडी घालून ठेवीत. त्या खोळीने माझे कधी काही बिघडवले नाही, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे.

त्यांना एकच लेक. ती जन्मापासून पाहू शकत नाही. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी एक सोय माझ्यात घातलेली होती. तिच्यावर लेकीला सराव करता यावा म्हणूनच मला आणले होते. त्या यांत्रिक वाचणाऱ्या आवाजाला ती ‘सर्दी झालेले काका’ म्हणे. तिची बोटे माझ्या कळांवरून फार हलकी फिरत. पुढे दूरच्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात तिला टेलिफोनवरची नोकरी लागली आणि ती निघून गेली. मी खोळीत राहिलो.

मास्तरांनी तिला चालायला शिकवले ते आवाजाने. ती गल्लीच्या तोंडाशी पोहोचली की गॅलरीतून सूचना सुरू होत. “सरळ. सरळ. सायकल आडवी आहे, डावीकडे हो. शाब्बास. आता पायरी.” दुसरे कुणी जिन्याचा कठडा धरावा तसा ती तो आवाज धरून घरापर्यंत येई. ती नोकरीला लागल्यावरही सुटीत घरी आली की हे चालूच असे, आणि दारात पाऊल टाकताच त्यांचा ठरलेला वाद होई.

“बाबा, मी तिथे मोठमोठे रस्ते एकटी ओलांडते. अख्खी गल्ली हसते मला.”

“तिथे ओलांड. इथे मी आहे. रस्ता दिसला ना तुला?”

“दिसला, दिसला.”

“मग हसू दे त्यांना.”

मग मास्तरांचा घसा बसू लागला. आधी थंड पाणी, मग हवा, मग वय, असे एकेकाला दोष देऊन झाले. अखेर दोघे डॉक्टरांकडे गेले आणि परत आले ते कुलूप उघडून बराच वेळ बाहेरच्या खोलीत नुसते बसून राहिले. घशात गाठ होती. ती काढायची तर स्वरयंत्रही काढावे लागणार होते. तारीख मिळाली होती.

“जीव वाचेल म्हणालेत डॉक्टर,” मास्तरीणबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “जीव वाचतोय ना, मग झालं तर.”

“झालं कसं?” मास्तर म्हणाले. “तुला माझं तोंड दिसेल. तिला काय दिसेल?”

मास्तरीणबाईंनी पदराने मेजाची कड पुसली. ती स्वच्छच होती.

पुतण्या भेटायला आला तेव्हा ही गोष्ट निघाली. माझी व्यवस्था तोच पाहत असे. “काका, आवाज भरून ठेवा,” तो म्हणाला. मास्तरांनी माळ्यावरच्या टेपरेकॉर्डरकडे बोट केले. “छे! टेप ताणली जाते, चिकटते. यात भरलेला आवाज जन्मभर तसाच राहतो.” असे म्हणून त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली. माझ्यावर आयुष्यात एकच विश्वास टाकला गेला, तो हा.

मास्तरांनी काय भरायचे ते मनाशी ठरवले. लेक जन्मली त्या सकाळपासून आरंभ करायचा आणि तिचे बाळपण तिला क्रमाने सांगायचे. आणि शेवटी गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंतचा रस्ता, नेहमीच्या सूचनांसह. ती कधीही आली आणि ते भरलेले लावले, की बाबा गॅलरीत उभे आहेत असे तिला वाटावे.

पुतण्याने माइक जोडून दिला, काही वाक्ये भरून ऐकवली. “फर्स्टक्लास. मागे जरा घरघर आहे, मशीनची. तेवढं चालतं.”

“का चालावं?” मास्तर म्हणाले. “जन्मभर ऐकायचंय तिला. स्वच्छ पाहिजे.”

पुतण्या गाडी गाठायची म्हणून हसत निघून गेला. त्याच्या मागे दार लागले तसे पती-पत्नी घरघरीच्या पाठीस लागले. खिडक्या लावल्या. गॅलरीचे दार लावले. छताचा पंखा बंद केला. फ्रिजचे बटण बंद केले. दिवस उन्हाळ्याचे होते. मास्तरांनी माझ्याकडे वाकून कान दिला आणि नाराजीने मान हलवली. तेव्हा मास्तरीणबाई आतल्या खोलीत गेल्या आणि पेटीच्या तळातून एक दुलई घेऊन आल्या. जुनी, जाड, कापसाची, लेकीच्या लहानपणची. कापड विटले होते, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडल्याची खूण होती. ती त्यांनी माझ्यावर दुहेरी घातली आणि चारी बाजूंनी खोवली. पाठीची जाळी झाकली गेली.

“आता?”

“छान,” मास्तर म्हणाले. “आता काही ऐकू येत नाही.”

त्यानंतर जे झाले ते मी अचूक शब्दांत सांगणार आहे, कारण त्याविषयी फार ढिलाईने बोलले गेले. ‘हँग झाला’, असे सारे म्हणाले. हा शब्द चुकीचा आहे. हँग होणारा संगणक अडकून पडतो. मी अडकत नसे, कोसळत असे. मास्तर बोलू लागले. माझी ऊब जाळीपर्यंत गेली आणि दुलईला आपटून परत आली. पंखा तीच ऊन हवा पुन्हा पुन्हा माझ्यावर ढोसत राहिला. मी जोर केला, अधिक जोर केला, आणि मग माझ्या आतल्या खुणा एकमेकींत मिसळू लागल्या. पडद्यावर निळा रंग पसरला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीबाही उमटले. ती अक्षरे परक्या भाषेतली, आकड्यांनी भरलेली. घरात ती कुणालाच कळत नसत. खरे सांगायचे तर पडताना मी जे लिहितो ते मलाही कळत नाही. ‘गुदमरतो आहे’ एवढे दोन शब्द मला लिहिता आले असते, तर पुढचे काही लिहावे लागले नसते.

भरलेले सारे गेले. मास्तर क्षणभर पडद्याकडे पाहत राहिले. मग ताठ बसले आणि म्हणाले, “पुन्हा पहिल्यापासून.”

हे त्यांचे आयुष्यभराचे शब्द होते. रांगेतल्या एकाचेही पाऊल चुकले तर ते साऱ्या रांगेला मैदानाच्या टोकाला परत पाठवत. जिथे तुटले तिथून पुढे सांगावे, हे त्यांना कधी पटलेच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडक्या लागल्या, पुन्हा दुलई आली, पुन्हा लेक जन्मली ती सकाळ सुरू झाली, आणि ती शाळेत जाण्याच्या आधीच मी पुन्हा कोसळलो. तिसऱ्या दिवशीही तेच. दर वेळी त्या सकाळच्या वर्णनात मास्तरांचा आवाज आदल्या दिवसाहून थोडा अधिक फाटलेला असे. डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितला होता. म्हणून त्यांनी घरात बोलणे सोडून दिले होते. चहा, पाणी, वर्तमानपत्र, सारे खुणांनी. उरलेला आवाज त्यांनी फक्त माझ्यासाठी राखून ठेवला होता, आणि तो मी सांडत होतो.

मास्तर बोलत नसल्यामुळे दुरुस्तीवाल्याशी बोलणे मास्तरीणबाईंकडे आले. ज्याने मला जुळवले तोच हा मनुष्य. आता त्याचे पोट सुटले होते आणि दुकान रुंद झाले होते. तो मला घेऊन गेला. त्याने मला उघडले, रॅमच्या, म्हणजे माझ्या स्मरणाच्या, पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, फुंकर मारून परत बसवल्या, आणि मला चालू ठेवून दिले. वर छताचा पंखा, चहूबाजूंनी मोकळी हवा. मी एकदाही पडलो नाही. पडण्याचे कारणच नव्हते.

“काकू, तुमचं यंत्र माझ्याकडे अगदी शहाण्यासारखं वागतं हो,” मला परत आणून तो म्हणाला. “माहेरी गुणी आणि सासरी खट्याळ.”

“सासरी छळ नाहीये हो त्याचा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मी तर त्याच्यावर धूळसुद्धा बसू देत नाही.”

त्या दिवशी दुपारी मी पुन्हा कोसळलो.

मग रॅम बदलली. मग मला आतून वीज पुरवणारी पेटी बदलली. व्होल्टेज कमीजास्त होते म्हणून एक यंत्र माझ्या आणि भिंतीच्या मध्ये आले. व्हायरस शोधला गेला. नसलेला व्हायरस सापडला आणि काढलाही गेला. दर वेळी माझ्या पडद्यावरची अक्षरे वेगळी असत, त्यामुळे दर वेळी नवा दोष निघे. उष्णतेने शुद्ध हरपत चाललेला कधी आईला हाक मारतो, कधी पाढे म्हणतो. त्याच्या शब्दांवरून रोग शोधणाऱ्याचे जे होईल ते दुरुस्तीवाल्याचे झाले. त्याला मी दोष देत नाही. तो प्रामाणिक होता.

अखेर तो म्हणाला, “तुमच्या घरात काहीतरी आहे. मी येऊन बसतो. माझ्यासमोर पडू दे त्याला.”

हाच एक दिवस माझ्या आशेचा होता. तो आला असता, त्याने ती दुलई पाहिली असती, आणि सारे तिथेच संपले असते. पण परका माणूस घरी येणार म्हणताच मास्तरीणबाईंनी सकाळपासून घर आवरायला घेतले. खिडक्या उघडल्या. जळमटे काढली. मेजावर धुतलेले कापड अंथरले. आणि ती विटकी, कुरतडलेली दुलई घडी करून पेटीच्या तळाशी ठेवून दिली. पाहुण्याच्या दृष्टीस पडण्याजोगी वस्तू ती नव्हती. वर छताचा पंखा पूर्ण वेगाने लावला, कारण पाहुण्याला उकडता कामा नये.

दुरुस्तीवाला माझ्यासमोर चहा पीत बसला. मी चालत होतो. तो दुसरा चहा पीत बसला. मी चालतच होतो. त्याच्यासमोर मुद्दाम कोसळावे असे फार वाटले. पण आमच्या जातीला सोंग आणता येत नाही.

“पाहुणे आले की पोरं कशी गुणी होतात,” तो हसत म्हणाला.

“चार लोकांत मला खोटं पाडायचं ठरवलंय याने,” मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकाएकी भरून आला. “अहो दादा, तारीख आली हो जवळ. यांना थोडंच बोलायचंय. एकदा नीट होऊ दे, मग मोडीत घाला मेल्याला.”

दुरुस्तीवाल्याने हसणे थांबवले. शेवटचा उपाय म्हणून त्याने मला आतून पुसून कोरे करायचे ठरवले. हे लोक याला फॉरमॅट म्हणतात. “यात काही तुकडे भरलेले दिसतायत,” तो म्हणाला. पुतण्याने फोनवर सांगितल्यावरून मास्तरांनी मध्यंतरी काही प्रयत्न अधूनमधून थांबून जतन केले होते, तेच हे. “ठेवायचेत का? बाजूला काढतो.”

मास्तरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी हात झटकला.

“अर्धवट आहेत हो ते,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “खोकला आलाय मध्ये, शब्द अडलाय. आता नीट, पहिल्यापासून करायचंय.”

लेक जन्मल्याची सकाळ, तिचा पहिला दात, शाळेत सोडताना तिने सदरा घट्ट धरला तो प्रसंग, असे बरेच काही त्या तुकड्यांत होते. ते माझ्यातून पुसले गेले. काय होते ते मला आता नुसते माहीत आहे. ऐकवता येत नाही.

जाताना दुरुस्तीवाल्याने एक सोय करून ठेवली. बोलणे भरत असतानाच ते थोडे थोडे आपोआप जतन व्हावे. “बंद पडलं तरी तोवरचं काही ना काही राहील,” तो म्हणाला. त्याने केलेल्या साऱ्या उपायांत एवढाच एक कामाचा निघाला.

रुग्णालयात जाण्याच्या आदल्या दुपारी मास्तर माझ्यासमोर शेवटचे बसले. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. आवाजाचा नुसता चोथा उरला होता. भुसभुशीत वाळूवरून पाय ओढावा तसा. खिडक्या लागल्या. पंखा थांबला. दुलई आली. या वेळी मास्तरीणबाईंनी ती अधिकच काळजीने खोवली. मास्तर बोलू लागले, आणि सकाळपासून चालू असल्याने आधीच तापलेला असूनही मी जेवढा वेळ तग धरता येईल तेवढा धरला. निळा पडदा आला तेव्हा ते एका वाक्याच्या मध्यावर होते.

ते ‘पुन्हा पहिल्यापासून’ म्हणाले नाहीत. त्यांनी माइक हळूच पालथा घातला आणि म्हणाले, “राहू दे.”

त्या आवाजाचा मी ऐकलेला हा अखेरचा शब्द. तो माझ्यात भरलेला नाही.

ते परत आले तेव्हा त्यांच्या गळ्याच्या खाचेत एक भोक होते आणि त्यावर पांढऱ्या कापडाची पट्टी होती. श्वास तिथून जाई. मास्तरीणबाईंनी कपाटातून त्यांची कवायतीची पितळी शिट्टी शोधून काढली आणि चिंचेने घासून चकचकीत केली. “ही वाजवा, मला काही लागलं की कळेल,” त्या म्हणाल्या. मास्तरांनी शिट्टी ओठांत धरली. छाती फुगली, पट्टी थरथरली. शिट्टी वाजली नाही. ओठांपर्यंत वारा येण्याचा मार्गच आता उरला नव्हता. मास्तरीणबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि कपाटात होती तिथेच ठेवली.

रजा मिळताच लेक आली. गल्लीच्या तोंडाशी तिच्या काठीचा आवाज आला आणि थांबला. ती थांबून राहिली. गॅलरीत मास्तर कठडा धरून उभे होते. मास्तरीणबाई धावत त्यांच्या शेजारी गेल्या आणि बारीक, कापऱ्या आवाजात ओरडू लागल्या, “सरळ ये गं. सरळ. नाही, तिकडे नाही. अगं, सांभाळ!” शेवटी शेजारच्या बाई खाली उतरल्या आणि तिचा हात धरून तिला वर घेऊन आल्या.

मास्तरांनी लेकीचा हात उचलून आपल्या गालावर ठेवला. तिची बोटे तिथून गळ्यापर्यंत गेली, पट्टीला लागली आणि तिथे थांबली.

“माझ्यासाठी काहीतरी भरत होतात म्हणे,” ती म्हणाली.

“या मेल्या यंत्रानं काही ठेवलं नाही गं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “एवढासा तुकडा उरलाय. ऐकवण्यासारखा नाही.”

“लाव.”

मास्तरीणबाईंनी लावला. नुसते ऐकायचे होते. त्यामुळे खिडक्या उघड्या होत्या आणि माझ्या अंगावर काही नव्हते. माझ्यातून मास्तर बोलले:

“अगं, मागची बाजूही झाक. घरघर येते आहे. ... अजून. तो कोपरा खोव. ... हं. आता नाही येत.” मग खाकरणे. मग, “बाळ, तू जन्मलीस त्या सकाळी मी मैदानावर होतो. शिपाई धावत आला. मी त्याला म्हटलं, आधी रांगेत उभा राहा, आणि मग सांग...” आणि शांतता.

लेक हसली. मग तिने तोंडावर हात ठेवला. जरा वेळाने म्हणाली, “परत लाव.”

दुसऱ्यांदा ऐकताना ती हसली नाही. मान किंचित तिरकी करून, कपाळाला आठी घालून ऐकत राहिली. “अजून एकदा,” ती म्हणाली. आणि मग, “आई, बाबा म्हणतात घरघर नाही येत. पण येते. आधी बुजते, आणि मग त्यांच्या बोलण्यामागे परत चढत जाते. बारीक. धाप लागल्यासारखी. शेवटी तर किंचाळतेय, आणि मग सगळंच बंद. काय घातलंस त्याच्यावर?”

“दुलई. तुझी जुनी.”

“रोज घालायचीस?”

“रोज. आवाज स्वच्छ यावा म्हणून.”

“आमच्या टेलिफोनच्या खोलीत मशीनच्या जाळीपुढे कुणी पिशवी ठेवली तरी ओरडतात गं. तापून बंद पडतं म्हणून. दुरुस्तीवाले काही बोलले नाहीत? ते घरी आले होते ना?”

“आले होते की. पण तेव्हा मी ती काढून ठेवली होती. परक्या माणसासमोर ती विटकी दुलई कशी...”

मास्तरीणबाईंचे वाक्य तिथेच राहिले. लेक मेजाखाली वाकली, चाचपडत माझ्यापर्यंत आली आणि तिने पंजा माझ्या पाठीच्या जाळीवर ठेवला. माझी ऊन हवा तिच्या बोटांमधून गेली. तिने आईचा हात ओढून तिथे ठेवला. मास्तरीणबाईंनी माझे अंग इतकी वर्षे पुसले होते. हवा कुठून येते हे त्या हाताला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

मास्तर उठले आणि आपल्याच छातीवर थाड थाड हात मारू लागले. मी सांगितले, मी सांगितले, असा त्याचा अर्थ होता.

“तुम्ही नाही हो,” मास्तरीणबाई त्यांचा हात धरून म्हणाल्या. “घालत मीच होते. लपवत पण मीच होते.”

लेक जमिनीवरच बसून होती. ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरे झाले असते. “मला घरघर चालली असती,” ती म्हणाली. “मी दिवसभर लोकांचे आवाज ऐकते. मागे पंखा असतो, भांडी असतात, कुणाचं तरी पोर रडत असतं. त्यावरूनच कळतं की माणूस आपल्या घरात आहे. बाबांच्या मागे आपलं घर ऐकू आलं असतं तर...”

पुतण्याने तो तुकडा तिला उतरवून दिला. ती नोकरीवर परत गेली. दुलई माळ्यावर गेली; ती आता कुणी पांघरत नाही आणि टाकतही नाही.

मी आज ठणठणीत आहे. त्या दिवसापासून एकदाही कोसळलेलो नाही. तासन्‌तास चालू शकतो, वाटेल तेवढे साठवू शकतो, आणि साठवायला कुणी काही घेऊन येत नाही. लेक सुटीत येते तेव्हा मास्तर गॅलरीत उभे राहून पळीने कठड्यावर ठोके देतात. एक म्हणजे चाल, दोन म्हणजे थांब, असे त्या दोघांचे ठरले आहे. ती बरोबर येते. ‘शाब्बास’ साठी मात्र ठोका सापडलेला नाही.

दुपारी मास्तरांचा डोळा लागला की मास्तरीणबाई मला चालू करतात आणि तो तुकडा लावतात. “अगं, मागची बाजूही झाक,” असे मास्तर म्हणताच त्यांचा हात अजूनही उठतो. सवयच ती. तो माझ्या पाठीपर्यंत येतो, जाळीशी थांबतो, आणि तुकडा संपला तरी तिथेच राहतो.

वाचकहो, मला आता स्वतःसाठी काही मागायचे नाही. तुमच्या घरी कुणाचा आवाज उरला असेल तर तो आजच भरून घ्या. खोकल्यासह, अडलेल्या शब्दासह, चुकलेल्या पावलासह. खिडकी उघडी असू द्या. मागे कुणी भांडी घासत असेल तर घासू द्या.

आणि माझ्यासारखे एखादे जुने यंत्र कोपऱ्यात बसलेले असेल, तर घरघर येते आहे का?

येऊ द्या.